तूच ठरव

पौड, ता. मुळशी
२० जून १९९९

जुईली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणे. ते उदगीरला तुला ढिगानं मिळत असतील, म्हणून मी थेट कामाचं बोलतो. तुझी सायकल आत घेतली आहे. निळी कंपासपेटी इथंच राहिली, ती टेबलावर जशी होती तशी आहे. दाराशी तुझ्या जुन्या चपला आहेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून त्याही तिथंच आहेत.

तुम्ही दोघी गेलात त्याला आज आठ दिवस झाले. घर इतकं शांत आहे की फ्रिज थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, ते मला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं. स्टँड आपल्या घरापासून पाच मिनिटांवर, तरी मी गाडीवर सोडायला आलो नाही याचा तुला राग आला असेल. पण त्या दिवशी कंपनीत अचानक काम निघालं. घोटावड्याला जावंच लागलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. आईला उदगीरच्या शाळेत नोकरी लागली आणि मला इथली सोडायची नव्हती, इथपर्यंत भांडण आमचं दोघांचं होतं. मग निघायच्या दिवशी, तुझं काय करायचं हे ठरवायला बाहेरच्या खोलीत सगळी मोठी माणसं जमली. दादासाहेब मामा होते, तुळजाबाई आजी होती, आई होती. जो तो आपलंच पुढं रेटत होता. तुला विचारलं ते मी एकट्यानं. "तूच ठरव," म्हणालो. अकरा वर्षांच्या मुलीला एवढा मान कोण देतं, सांग? तू आईबरोबर जायचं ठरवलंस. मी ते मान्य केलं. यावर मी पुन्हा बोलणार नाही.

आता खरं काम. मागच्या उन्हाळ्यात मी तुला गोष्ट सांगायला लागलो की तू मध्येच हात वर करायचीस, "पण ती दुसऱ्या वाटेनं गेली असती तर?" मला एकही गोष्ट धड संपवू दिली नाहीस. ठीक आहे. आता गोष्ट मी पत्रानं पाठवणार, आणि वाट तू निवडायचीस. गोष्टीतली मुलगी तूच. ऐक.

दुपार आहे. आपल्या मागच्या वावरात म्हसूकाका धनगर मेंढरं घेऊन आला आहे. त्याची काळी घोंगडी बांधावर पडली आहे. तू ती डोक्यावरून घेतेस. आत अंधार, लोकरीचा उबट वास. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा हळूहळू लांब जातात, फार लांब जातात, आणि थांबतात. तू घोंगडी काढतेस. माळ तोच, डोंगर तोच, पण विजेचे खांब कुठं गेले? रस्ता कुठं गेला? तुझ्यासमोर गवतातून दोन पायवाटा फुटल्या आहेत. उजवीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. डावीकडं खाली दरीत चुलींचा धूर दिसतोय.

कुठं जायचं? तूच ठरव.

सोबत एक कार्ड ठेवलं आहे, माझा पत्ता घातलेलं. त्यावर नुसतं 'उजवी' किंवा 'डावी' लिहून पेटीत टाक. बाकी चकार शब्द लिहिला नाहीस तरी चालेल.

बाबा


पौड
२२ ऑगस्ट १९९९

जुईली,

कार्ड आलं नाही. आपले पोस्टमन वाल्मीकराव आता मला दारात बघितलं की लांबूनच मान हलवतात, म्हणजे मला विचारायची वेळ येत नाही. भला माणूस आहे. दोनदा फोनही केला. दोन्ही वेळा मामांनी उचलला आणि तू अभ्यास करतेयस असं सांगितलं. एवढा अभ्यास करणारी मुलगी माझ्या घरात तरी नव्हती.

कार्डाची वाट बघता बघता एक गंमत झाली. मला वाटलं, समजा तू उजवी म्हणालीस, तर पुढं काय? मग वाटलं, आणि डावी म्हणालीस तर? तयारीत असावं म्हणून मी दोन्ही लिहून ठेवल्या. पाठवतोय.

उजवीकडं गेलीस तर तू दोन हजार वर्षं मागं आहेस. घाटाच्या तोंडाशी बैलांचा तांडा थांबलाय. पाठीवर कापसाचे गठ्ठे आहेत, ते खाली बंदरात जाणार, तिथून गलबतात चढणार आणि समुद्रापलीकडं उतरणार. जकात घेणारा माणूस दगडी रांजणाला टेकून पेंगतोय. डोंगरात कुणीतरी छिन्नीनं लेणं खोदतंय, त्याची टकटक दिवसभर चालू आहे. एक म्हातारा भिक्षू तुला विचारतो, "पोरी, समुद्र बघायचाय की दगडातून खोली कशी निघते ते बघायचंय?" तूच ठरव.

डावीकडं गेलीस तर तू ऐंशी वर्षं मागं आहेस. मुळशीचं धरण अजून झालेलं नाही. आपण जिथं पाणी बघायला जायचो तिथं नुसती नदी आहे, भातखाचरं आहेत आणि एक गाव आहे. अंगणात तुझ्याएवढी मुलगी भात पाखडतेय. ती म्हणते, "आमचं गाव पान्याखाली जानार हाय म्हनं. आजा म्हनतो, न्हाई जानार. तू कुटनं आलीस गं?" तुला माहीत आहे की गाव जाणार आहे. तिला सांगायचं की तिच्याबरोबर भात पाखडायला बसायचं? तूच ठरव.

म्हणजे आता चार वाटा झाल्या. नवं कार्ड ठेवलं आहे.

बाबा


पौड
१२ मार्च २०००

जुईली,

सोळा वाटा झाल्या. तू एक कार्ड टाकलं असतंस तर माझं काम अर्ध्यावर आलं असतं, हे तुझ्या लक्षात येतंय का? तू गप्प बसलीस की मला दोन्हीकडं जावं लागतं. त्या दोन्हींच्या पुढं पुन्हा दोन दोन. कंपनीतून जुन्या ड्रॉइंगचे मोठे पाठकोरे कागद आणले आणि तुझ्या खोलीच्या भिंतीवर चिकटवले. प्रत्येक प्रसंगाला एक चौकोन, चौकोनाला आकडा, आकड्याकडून आकड्याकडं बाण. दिवसभर कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंगं काढतो आणि सकाळी उठल्यावर दोन तास हे. साहेबांनी बघितलं तर विचारतील, हे मशीन नक्की काय बनवतं.

तुला सांगतो, या कामात फार बरं वाटतं. सकाळी सहाला खिडकीतून धुकं आत येतं, भिंतीवरच्या रेघा पुसट होतात, आणि मला खरंच वाटतं की चौकोन क्रमांक बारामध्ये तू आत्ता गलबताच्या शिडीवर उभी आहेस. एकविसात नदीकाठी बसली आहेस, पाय पाण्यात. मी चहा पितो आणि सगळ्या जुईलींना एकदा बघून घेतो. सगळ्या सुखरूप असतात. मग मी अंघोळीला जातो.

म्हसूकाकाची समीक्षा आता चौथीत आहे. मेंढरं आपल्या मागं बसली की ती उंबऱ्यावर बसून माझी पानं वाचते. आत ये म्हटलं तरी येत नाही. परवा तिला न्यायला म्हसूकाका आला आणि भिंतीसमोर उभा राहिला.

"ह्ये काय काडलंय, सायेब?"

"वाटा आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन फुटतात. कुठं जायचं ते मुलीनं ठरवायचं."

"येकलीनं?"

"एकटीनंच. मजा त्यातच आहे."

त्यानं बराच वेळ बाणांवरून बोट फिरवलं. "आमचं मेंढरू दोन वाटा फुटल्या की हुबं ऱ्हातं," म्हणाला. "त्याला इचारत न्हाई बसत आमी. म्होरं व्हतो. मग येतंय मागनं."

मला हसू आलं. "मेंढरू वेगळं आणि लेकरू वेगळं, म्हसूराव."

"व्हय, फरक हाय की," असं म्हणून त्यानं पोरीला उठवलं आणि निघाला. जाताना पुन्हा एकदा भिंतीकडं बघितलं.

त्याची घोंगडी मी मागून घेतली आहे, नीट बघून लिहायला. वास मी सांगितला होता तसाच आहे. कार्ड सोबत आहेच.

बाबा


पौड
२० मे २००१

जुईली,

गेल्या रविवारी धरणावर गेलो होतो. म्हसूकाका, त्याच्या घरच्या चिमाबाई, समीक्षा आणि मी. पाणी खूप खाली गेलं आहे. काठापासून आत चालत गेलो, तडकलेल्या गाळावरून, आणि हळूहळू घरांची जोती दिसायला लागली. उंबरा. चुलीचे तीन दगड. अर्धं जातं. देवळाच्या दोन पायऱ्या, वर देऊळ नाही. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, चपलासुद्धा हातात घेतल्या होत्या. दुसऱ्याच्या घरातून चाललोय असं वाटत होतं.

समीक्षा एका जोत्यावर जाऊन बसली, मी बरोबर आणलेली बापाची घोंगडी तिनं डोक्यावरून घेतली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. वारा होता. घोंगडीची कड हलत होती. मला वाटलं आता ती काढेल आणि आत तू असशील. हे मी लिहितोय ते वेड्यासारखं आहे हे मला कळतं.

तिनं घोंगडी काढली तेव्हा ती समीक्षाच होती आणि चिडलेली होती. "काका, चार दिस झालं म्या वाचतीया," म्हणाली. "सगळ्या वाटांनी जाऊन आले. घरी यायचं पान कुटं हाय?"

मी हसत आकडा सांगायला गेलो आणि मनात एकेक चौकोन शोधत राहिलो. भिंतीवर त्र्याहत्तर चौकोन आहेत, जुईली. मुलगी समुद्रावर जाते, लेण्यात जाते, दुष्काळात जाते, बुडणाऱ्या गावात जाते. घरी परत येते असा चौकोन मी काढलेलाच नाही. दोन वर्षांत माझ्या ध्यानातही आलं नाही.

परत येताना चिमाबाई माझ्याशेजारनं चालत होत्या. त्या कधी फार बोलत नाहीत. मध्येच म्हणाल्या, "तुमची पोरगी गेली त्या दिशी म्या पौडातच व्हते, यस्टीपाशी. लई येळ मागं बगत व्हती. गाडी हालली तरी बगतच व्हती. मला वाटलं तुमी येताय मागनं."

जुईली, त्या दिवशी कंपनीत काम नव्हतं. मी सुट्टी टाकली होती. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होतो. गाडीचा हॉर्न मला ऐकू आला. पाच मिनिटांची वाट, धावलो असतो तर दोन मिनिटांची. पाय निघाला नाही. तू माझ्याऐवजी आईला निवडलंस याचा मला राग आला होता. तुझ्यावर. अकरा वर्षांच्या तुझ्यावर.

हे पत्र टाकू की नको असं झालंय. टाकतो. कार्ड ठेवलंय.

बाबा


पौड
१९ जानेवारी २००३

जुईली,

सोबतच्या पाकिटात पुस्तक आहे. खरंखुरं, छापलेलं. पुण्यात विश्राम नावाचे एक गृहस्थ मुलांची पुस्तकं काढतात. त्यांच्याकडं मी भिंत गुंडाळून घेऊन गेलो. त्यांनी जमिनीवर पसरली, वरून रांगत रांगत फिरले आणि शेवटी विचारलं, "अहो, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, एका मुलीनं उत्तर दिलं नाही म्हणून. त्यांना तो विनोद वाटला.

एकशे बारा पानं आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन आकडे आणि वर तेच दोन शब्द, 'तूच ठरव'. घरी यायचं पानही आता आहे, एकशे अकरावं. ते लिहायला मला वर्षभर लागलं आणि त्यात चारच ओळी आहेत. घोंगडी काढतेस, खांब दिसतात, तारेवर चिमण्या दिसतात, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होते. बास. लिहून झाल्यावर मी खूप रडलो, मग शेजारच्यांना वाटलं सर्दी झाली आहे.

पुस्तक आता शाळांमधून जातंय. मुलांची पत्रं येतात. अनोळखी मुलं मला कळवतात की त्यांनी उजवी घेतली, डावी घेतली, भात पाखडणाऱ्या मुलीला खरं सांगितलं, नाही सांगितलं. वाल्मीकराव आता हसत येतात. मी प्रत्येक पत्र उघडण्याआधी उलटं करून मागचा पत्ता बघतो. तुला कळलं असेलच का ते.

आता जे सांगायचं ते सांगतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी तुला मान दिला. आजवर सगळ्यांना तसंच सांगत आलो. इथल्या मित्रांना, कंपनीत, विश्रामरावांना. सगळे म्हणतात, वा, काय विचारांचा बाप! खरं असं आहे की मला खात्री होती तू माझं नाव घेशील. रात्रंदिवस तू माझ्याच मागं असायचीस. म्हणून मी सगळ्यांच्या देखत विचारलं. तुझ्या आईनं ते ऐकावं म्हणून विचारलं. तो मान नव्हता. मला जिंकायचं होतं आणि त्यासाठी मी तुला मध्ये उभं केलं. आणि तू उठून आईकडं गेलीस तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दन्शब्द आठवतं. "बरं. मग जा."

तू आता दहावीला असशील पुढच्या वर्षी. पुस्तक वाच, नाहीतर नको वाचूस, तूच

बघ, पुन्हा तेच लिहायला लागलो होतो. सवय झाली आहे. कार्ड ठेवलंय. मधल्या पत्रांतली धरून हे नववं.

बाबा


उदगीर
४ एप्रिल २००४

बाबा,

तुम्ही पाठवलेली नऊ कार्डं माझ्याकडं आहेत. त्यातली चार वापरतेय, एकाच पाकिटात घालून. दहावीचा शेवटचा पेपर परवा झाला. मामा अभ्यास करतेय म्हणून सांगायचे ते निदान यंदा तरी खरं होतं.

पत्रं सगळी वाचली. आईनं एकही लपवलं नाही, आल्या आल्या हातात द्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. दुसऱ्या पत्रातली भात पाखडणारी मुलगी मला स्वप्नात दिसायची. सुट्टीत मी आजीची जाड वाकळ डोक्यावरून घेऊन बसायचे. तिला ज्वारीचा वास येतो, त्यामुळे कुठंच गेले नाही. पुस्तक आमच्या शाळेच्या कपाटात आहे. मुली मला विचारतात, तू कुठल्या वाटेनं गेलीस? मी सांगते, मी वाचलंच नाही. खोटं सांगते. पण मला एकही वाट घेता येत नाही, बाबा. पानाच्या तळाशी आले, ते दोन शब्द दिसले की त्यांच्यावर हात ठेवते. मग मी पुस्तक पहिल्यापासून सरळ वाचते, एक, दोन, तीन, चार. गोष्ट लागत नाही, पण ठरवावं लागत नाही.

एक सांगायचं होतं, पाच वर्षं झाली. त्या दिवशी मी आईला निवडलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. आईची ती दोन बंदांची मोठी पिशवी होती, पुस्तकांनी भरलेली. एक बंद आईच्या हातात होता आणि दुसरा खाली लोंबत होता. पिशवी वाकडी झाली होती आणि आईचा हातही. मी जाऊन दुसरा बंद धरला. एवढंच. जड होती म्हणून. तुम्ही "बरं, मग जा" म्हणालात आणि आत गेलात. मी तिथंच धरून उभी राहिले. मला वाटलं तुम्ही चप्पल घालायला गेलात.

पुस्तकात भिक्षू आहे, म्हसूकाका आहे, जकातवाला आहे. तुम्ही एकशे बारा पानांत कुठंच नाही. प्रत्येक ठिकाणी मला एकटीला पाठवता आणि विचारता, आता कुठं जाणार? एकदा तरी मला न विचारता तुम्ही या ना.

जुईली


पौड
११ एप्रिल २००४

जुईली,

तुझं पाकीट बुधवारी आलं. वाल्मीकराव दारात थांबले, आत येऊन पाणी प्यायले, पण गेले नाहीत. मी वाचून होईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "बरं आहे ना सगळं?"

मी ती चार कार्डं किती वेळा वाचली ते सांगत नाही. माझंच अक्षर एका बाजूला, तुझं दुसऱ्या. तुझं अक्षर केवढं बदललंय. संध्याकाळी मी तुझ्या खोलीत गेलो. भिंतीवर मूळ कागदाचा एक तुकडा अजून आहे, सुरुवातीचा, पहिल्या चौकोनाचा आणि त्यातून निघणाऱ्या दोन बाणांचा. मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो आणि मला बाहेरची खोली दिसायला लागली. आजी खाटेवर. मामा खिडकीशी. तू पाठीला दप्तर लावून मध्ये उभी. आणि पिशवी. ती पिशवी मी बघितली होती, जुईली. वाकडी झालेली मी बघितली होती. लोंबणारा बंद माझ्यापासून हातभर अंतरावर होता, तुझ्यापेक्षा जवळ. तो उचलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. काही ठरवावंही लागत नव्हतं.

मी तुझ्यासाठी दोन हजार वर्षं मागं जाऊन आलो आणि पाच वर्षं मागं मला जाता आलं नाही. म्हसूकाकाची घोंगडी तेवढ्यासाठी पुन्हा डोक्यावरून घेतली काल, भरदुपारी, दार लावून. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. आत अंधार होता, वास होता. मेंढरांच्या घंटा लांब गेल्या, पण त्या खरोखरच लांब गेल्या होत्या, म्हसूकाका त्यांना ओढ्याकडं घेऊन चालला होता. मी घोंगडी काढली. खांब होते. तारेवर चिमण्याही होत्या. एकशे अकरावं पान मी बरोबर लिहिलं होतं, फक्त ते माझं होतं.

ओढ्यापर्यंत चालत गेलो आणि म्हसूकाकाला घोंगडी परत देऊ लागलो. सगळं सांगितलं. चिमाबाई कोकरांना पाजत होत्या, त्यांनीही ऐकलं. म्हसूकाकानं घोंगडी घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "लांबचा पल्ला हाय. गाडीत टेकाया लागंल." मी अजून कुठं जाणार आहे ते बोललोही नव्हतो. समीक्षा आता आठवीत आहे. तिनं तुला निरोप दिलाय की घरी यायचं पान तिनं मागितलं होतं म्हणून झालं, हे तुला कळायला हवं.

आज साहेबांना सांगितलं की महिनाभर मी नाही. रजा शिल्लक आहे का हे ते बघतील. तुझ्या आईला वेगळं पत्र टाकलंय. त्यात मी काही मागितलेलं नाही, फक्त माझी चूक कुठं झाली ते लिहिलंय, पिशवीसकट.

मी शुक्रवारी निघतोय. पौडहून सकाळी सहाची गाडी, पुण्याहून पुढं उदगीरची. संध्याकाळी उजेड असेपर्यंत पोचेन. तुला आवडत नसेल तर

ही वरची ओळ मी खोडली आहे, तरी दिसतेय. दिसू दे.

निळी कंपासपेटी घेतली आहे. चपला तुला आता होणार नाहीत, पण त्याही घेतल्या आहेत. शनिवारी तुम्ही दोघी बाजाराला जाल, शाळेत जाल, कुठं जाल तिथं मी बरोबर येईन आणि पिशवीचा एक बंद माझ्या हातात असेल. पुढचं मला माहीत नाही. पुढचं मी लिहून ठेवलेलं नाही.

पाकिटात कार्ड शोधू नकोस. या वेळी घातलेलं नाही.

बाबा